एकशे अठ्ठ्याण्णव किलोहर्ट्झचा निरोप : दीर्घलहरींच्या जागी नेमके काय येणार?

इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यातील ड्रॉइटविच गावाजवळून मोटरवेने जाणाऱ्या प्रवाशांना दोन उंच, सडपातळ मनोरे दुरूनच दिसतात. प्रत्येकी सुमारे २१३ मीटर उंचीचे हे मनोरे १९३४ पासून तेथे उभे आहेत. त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारांमधून बीबीसी रेडिओ ४ ही वाहिनी १९८ किलोहर्ट्झ या वारंवारतेवर, म्हणजे दीर्घलहरींवर, ब्रिटनच्या घराघरांत आणि भोवतालच्या समुद्रावर पोहोचत आली आहे. ही सेवा बंद करण्याचे नियोजन झालेले असून त्या दिशेने पावले कधीच पडू लागली आहेत. स्मार्टफोनवर बातम्या ऐकणाऱ्या पिढीला या घटनेचे फारसे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. तरीही एक जुनी यंत्रणा काढून तिच्या जागी नवी आणताना काय मिळते, काय हरवते आणि हरवलेल्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्यासाठी यासारखे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

दीर्घलहरी म्हणजे काय?

रेडिओच्या लहरींची लांबी आणि वारंवारता यांचे प्रमाण व्यस्त असते. १९८ किलोहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे १,५१४ मीटर, म्हणजे दीड किलोमीटरहून किंचित अधिक भरते. याउलट एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची असते. या फरकात दोन्ही यंत्रणांचा स्वभाव दडलेला आहे. एफएमची लहर साधारणपणे सरळ रेषेत जाते. डोंगर आडवा आला किंवा क्षितिज संपले, की ती क्षीण होते. दीर्घलहर मात्र पृथ्वीच्या वक्रतेला बिलगून भूपृष्ठावरून प्रवास करते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे समुद्रावरून तर ती विशेष दूर जाते. त्यामुळे ड्रॉइटविच येथील ५०० किलोवॉटचा प्रक्षेपक आणि स्कॉटलंडमधील वेस्टरग्लेन व बर्गहेड येथील दोन लहान प्रक्षेपक, एवढ्या तीन केंद्रांवर जवळजवळ सारा देश व्यापता आला. एफएम किंवा डिजिटल रेडिओसाठी तेवढ्याच प्रदेशावर शेकडो प्रक्षेपक उभारावे लागतात.

भारतात वाढलेल्या श्रोत्यांना ही लहर अपरिचित वाटली तर नवल नाही. ध्वनिक्षेपणासाठी दीर्घलहरींचा वापर प्रामुख्याने युरोप, उत्तर आफ्रिका आणि उत्तर आशिया या पट्ट्यात झाला. भारतात आकाशवाणीचा डोलारा मध्यमलहरी आणि लघुलहरी यांवर उभा राहिला. मुंबई किंवा पुणे केंद्राच्या बातम्या ज्या रेडिओवर ऐकल्या जात, त्याच्या तबकडीवर अनेकदा ‘एलडब्ल्यू’ ही पट्टी नसेच.

शंभर वर्षांचा प्रवास

ब्रिटनमधील दीर्घलहरींचे नियमित प्रसारण १९२५ मध्ये डॅव्हेन्ट्री येथून सुरू झाले. नऊ वर्षांनी ते ड्रॉइटविचला हलले. २३ नोव्हेंबर १९७८ रोजी बीबीसीने आपल्या वाहिन्यांच्या लहरींची मोठी अदलाबदल केली. त्या दिवशी रेडिओ २ दीर्घलहरींवरून मध्यमलहरींवर गेली आणि रेडिओ ४ दीर्घलहरींवर आली. १ फेब्रुवारी १९८८ रोजी आंतरराष्ट्रीय नियोजनाला अनुसरून वारंवारता २०० वरून १९८ किलोहर्ट्झ करण्यात आली. म्हणजे तबकडीवरचा काटा केसभर सरकवावा लागला, एवढेच. १९३० च्या दशकात विकत घेतलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओवरही, तो चालू स्थितीत असेल तर, हे प्रसारण ऐकता येते. शंभर वर्षांत मूळ तंत्र बदललेले नाही. आज पाच-सहा वर्षांचा फोनही ‘जुना’ ठरतो. त्या तुलनेत हे सातत्य विलक्षण आहे.

या लहरीवर श्रोत्यांचा किती जीव आहे, याचा अनुभव बीबीसीने १९९० च्या दशकाच्या आरंभी घेतला. १९९१ च्या आखाती युद्धात रेडिओ ४ च्या एफएम लहरीवर अखंड बातम्या देण्यात आल्या. तो प्रयोग यशस्वी झाल्यावर दीर्घलहर कायमस्वरूपी बातम्यांच्या वाहिनीला द्यावी, असा विचार पुढे आला. त्याविरुद्ध श्रोत्यांनी मोहीम उघडली आणि १९९३ मध्ये बीबीसीच्या लंडनमधील मुख्यालयावर मोर्चाही नेला. अखेर बेत बदलला. बातम्या आणि खेळ यांसाठीची रेडिओ ५ लाइव्ह ही वाहिनी १९९४ मध्ये मध्यमलहरींवर सुरू झाली आणि रेडिओ ४ दीर्घलहरींवर कायम राहिली.

या वेळी मात्र तसा मोर्चा निघालेला नाही, कारण माघार टप्प्याटप्प्याने होत गेली. मे २०२२ मध्ये बीबीसीने ‘डिजिटलला प्राधान्य’ देणारे धोरण जाहीर केले. दीर्घलहरींवरील स्वतंत्र कार्यक्रम थांबवणे हा त्याचाच एक भाग होता. क्रिकेटचे धावते वर्णन देणारा ‘टेस्ट मॅच स्पेशल’ हा कार्यक्रम २०२३ च्या उन्हाळ्यातील अ‍ॅशेस मालिकेनंतर या लहरीवरून गेला. एप्रिल २०२४ पासून दीर्घलहरीवर एफएमपेक्षा वेगळे काही उरले नाही. दैनिक प्रार्थनेचा कार्यक्रम आणि संसदेचा वृत्तांत दुसरीकडे हलले, तर समुद्रावरील हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या ‘शिपिंग फोरकास्ट’च्या रोजच्या वाचनांची संख्या घटली. ऐकण्यासारखे स्वतंत्र काही उरले नाही, की ऐकणारेही आपसूक कमी होतात. मग ‘ऐकणारे फारसे नाहीत’ हे बंद करण्याचे कारण म्हणून पुढे ठेवता येते.

बंद का करायचे?

बीबीसीची बाजू मात्र केवळ सबब म्हणून झटकून टाकता येणार नाही. पहिले कारण विजेचे आहे. शेकडो किलोवॉटचा प्रक्षेपक दिवसरात्र चालवण्याचा खर्च परवानाशुल्क भरणाऱ्यांच्या खिशातून येतो आणि त्या शुल्कावर आज मोठा ताण आहे. दुसरे कारण यंत्रांचे. ड्रॉइटविचचा प्रक्षेपक प्रचंड आकाराच्या खास व्हॉल्व्हवर चालतो आणि असे व्हॉल्व्ह आता बनत नाहीत. जगात त्यांचे दहापेक्षाही कमी नग शिल्लक असल्याचे ब्रिटिश वृत्तपत्रांनी २०११ मध्येच छापले होते. तिसरे कारण श्रोत्यांच्या बदलत्या सवयींचे. बहुसंख्य लोक रेडिओ ४ एफएम, डिजिटल रेडिओ, दूरचित्रवाणी संच किंवा इंटरनेटवर ऐकतात. दीर्घलहरींचा आवाज एफएमइतका स्वच्छ नसतो. शिवाय आजच्या घरांतील एलईडी दिवे, चार्जर आणि राउटर यांच्या विद्युत गोंगाटाने तो आणखी खरखरतो.

युरोपातील इतर देशांनी हाच मार्ग आधीच धरला. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकने २०१४ च्या अखेरीस आणि फ्रान्स इंटरने २०१६ च्या अखेरीस दीर्घलहरी सोडल्या. फ्रान्समधील अलुई येथील प्रक्षेपक मात्र बंद पडला नाही. त्यावरून प्रमाणवेळेचा संकेत आजही जातो, कारण अनेक सार्वजनिक यंत्रणांची घड्याळे त्यावर अवलंबून आहेत. रेडिओच्या लहरीवर रेडिओखेरीज आणखीही काही विसंबून असते, हे फ्रान्सने वेळीच ओळखले. ब्रिटनला त्याचा प्रत्यय वेगळ्या प्रकारे आला.

लहरीवर चालणारे विजेचे मीटर

१९८० च्या दशकापासून १९८ किलोहर्ट्झच्या लहरीवर बातम्यांबरोबर आणखी एक ‘भाषण’ चालू होते. ते मानवी कानाला ऐकू येत नसे. मूळ लहरीच्या कलेत सूक्ष्म बदल करून देशभरातील विजेच्या मीटरांना संकेत पाठवले जात. ही ‘रेडिओ टेलिस्विच’ सेवा. रात्री विजेची मागणी कमी असते, म्हणून दर स्वस्त असतो. त्या वेळी मीटरजवळची छोटी पेटी लहरीवरचा संकेत पकडून साठवणुकीचे हीटर आणि गरम पाण्याची टाकी सुरू करी. हीटरमधील विटा रात्री तापत आणि दिवसभर खोलीला ऊब देत. ज्या भागांत गॅसची वाहिनी पोहोचलेली नाही, विशेषतः स्कॉटलंडच्या उत्तरेला व बेटांवर आणि शहरांतील जुन्या बहुमजली इमारतींमध्ये, लाखो घरे या व्यवस्थेवर अवलंबून होती.

ही सेवा थांबवण्याची मुदत आधी मार्च २०२४ होती. नंतर ती ३० जून २०२५ करण्यात आली. तो दिवस उजाडला तेव्हाही काही लाख घरांतील मीटर बदलायचे राहिले होते, म्हणून एकदम बंद न करता भागाभागाने संकेत थांबवण्याचा मार्ग पत्करावा लागला. ऊर्जा नियामक ऑफजेमने धोक्याचा इशाराही दिला होता. संकेत येणे थांबले आणि मीटर बदललेला नसला, तर हीटर सतत चालू राहील किंवा सुरूच होणार नाही किंवा भलत्याच वेळी सुरू होईल. पहिल्या शक्यतेत बिल भरमसाट येते, दुसऱ्या शक्यतेत घर गारठते. दोन्हींचा फटका सर्वाधिक बसतो तो एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि भाड्याच्या घरांतील कुटुंबांना.

ब्रिटनमध्ये घर घेऊन ते भाड्याने देणाऱ्या किंवा जुन्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ही माहिती उपयोगाची आहे. मीटरशेजारी ‘रेडिओ टेलिस्विच’ असे लिहिलेली वेगळी काळी पेटी असेल आणि घर विजेवर तापत असेल, तर वीज कंपनीकडून मीटर बदलून घेणे हाच उपाय. त्या जागी येणारा स्मार्ट मीटर बहुतेक ठिकाणी मोबाइलच्या जाळ्यातून बोलतो. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये मात्र त्यासाठी लांब पल्ल्याची स्वतंत्र रेडिओ यंत्रणा उभारावी लागली. थोडक्यात, तीन प्रक्षेपकांच्या कामासाठी आता फार मोठे जाळे लागते.

डिजिटल पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

रेडिओ ४ ऐकण्यासाठी पर्यायांची वानवा नाही, हे खरे. एफएम आहे. ब्रिटनमधील अ‍ॅनालॉग रेडिओ किमान २०३० पर्यंत चालू ठेवण्याची शिफारस २०२१ च्या सरकारी आढाव्यात आहे. १९९५ पासून डिजिटल रेडिओ, म्हणजे ‘डॅब’, आहे. दूरचित्रवाणी संचावर ही वाहिनी मिळते आणि इंटरनेटवर बीबीसी साऊंड्स आहे. मात्र प्रत्येक पर्याय दीर्घलहरीचे सगळे काम करत नाही.

डॅबचा आवाज मिळतो तेव्हा स्वच्छ मिळतो. संकेत क्षीण झाला, की तो आधी बुडबुडतो आणि मग एकदम बंद पडतो. दीर्घलहर क्षीण झाली तरी खरखरीतून शब्द कळतात. डॅबवर आवाजाचे संकेतन आणि विसंकेतन होण्यात काही क्षण जातात, त्यामुळे १९२४ पासून प्रसारित होणारे ग्रिनिचचे वेळेचे ठोके डिजिटल संचावर नेमक्या वेळी पडत नाहीत. डॅबची सुधारित आवृत्ती आल्यावर सुरुवातीच्या काळातील अनेक संच त्या प्रसारणासाठी निरुपयोगी ठरले. इंटरनेटची अडचण आणखी वेगळी. तेथे श्रोत्याला जोडणी, उपकरण, बहुधा खाते आणि दरमहा शुल्क लागते. शिवाय ही सेवा कोणाला द्यायची, हे देणाऱ्याच्या हाती असते. जुलै २०२५ मध्ये बीबीसी साऊंड्स ब्रिटनबाहेरील श्रोत्यांसाठी बंद झाले आणि त्यांना वेगळ्या संकेतस्थळाकडे व अ‍ॅपकडे वळावे लागले. दीर्घलहरीला सीमा माहीत नव्हती. उत्तर फ्रान्स किंवा हॉलंडमधील श्रोता कोणाचीही परवानगी न घेता ती ऐकत असे.

समुद्रावरील नाविकांचा प्रश्न याहून गंभीर मानला जाई. ‘शिपिंग फोरकास्ट’ ब्रिटनच्या भोवतालच्या ३१ सागरी विभागांचा अंदाज देतो. हवामान खाते तो सागरी व तटरक्षक संस्थेसाठी तयार करते आणि रेडिओवर त्याच्या वाचनाला शंभर वर्षे झाली आहेत. मोठ्या जहाजांना त्याची आज गरज नाही. तटरक्षक दलाचे व्हीएचएफ संदेश आहेत, उपग्रह आहेत आणि ‘नॅव्हटेक्स’ ही मजकूर छापून देणारी यंत्रणा आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की नॅव्हटेक्सचे आंतरराष्ट्रीय प्रसारण ५१८ किलोहर्ट्झवर, म्हणजे जुन्याच प्रकारच्या मध्यम वारंवारतेच्या लहरीवर, चालते. संदेश डिजिटल, वाहन जुने. व्हीएचएफच्या टप्प्यापलीकडे गेलेल्या आणि महागडी उपकरणे नसलेल्या छोट्या होड्यांना मात्र साध्या ट्रान्झिस्टरचा आधार होता. तो जाणार आहे.

आयर्लंडचा धडा

शेजारच्या आयर्लंडमध्ये हेच नाटक काही वर्षे आधी घडले आणि त्याचा विषय परदेशस्थांच्या मनाला अधिक भिडणारा होता. आयर्लंडची सार्वजनिक नभोवाणी आरटीई २५२ किलोहर्ट्झवरून प्रसारण करी. तिचे बरेचसे श्रोते आयर्लंडमध्ये नव्हतेच. ते ब्रिटनमध्ये होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधकामावर, रुग्णालयांत आणि कारखान्यांत राबण्यासाठी आलेली आयरिश माणसे म्हातारी झाली होती. रविवारची प्रार्थना, मायदेशातील सामन्यांचे वर्णन आणि बातम्या यांचा धागा या लहरीने जोडून ठेवला होता.

२००८ मध्ये आरटीईने मध्यमलहरी बंद केल्या, तेव्हा श्रोत्यांना दीर्घलहरींकडे वळण्यास सांगण्यात आले. २०१४ मध्ये दीर्घलहरीही बंद करण्याची घोषणा झाली आणि त्यासाठी २७ ऑक्टोबर ही तारीख ठरली. ब्रिटनमधील आयरिश संघटनांनी, धर्मगुरूंनी आणि राजकारण्यांनी विरोध केल्यावर ती जानेवारी २०१५ पर्यंत आणि मग पुन्हा पुन्हा पुढे ढकलण्यात आली. अखेर १४ एप्रिल २०२३ रोजी प्रसारण थांबले आणि त्याच उन्हाळ्यात मीथ परगण्यातील २४८ मीटर उंचीचा मनोरा पाडण्यात आला. या कथेतील सर्वांत बोचरा भाग असा, की पर्याय म्हणून गणला जाणारा आरटीईचा डॅब रेडिओ त्याआधीच, मार्च २०२१ मध्ये, बंद झाला होता. जुन्याची जागा घेणारे नवे जुन्याआधीच संपले.

मिळालेल्या नऊ वर्षांच्या मुदतवाढीत काही वृद्ध श्रोत्यांना घरच्यांनी इंटरनेट रेडिओ किंवा उपग्रहाची पेटी लावून दिली. काहींना ती सुविधा मिळाली नाही आणि काही तोवर या जगात राहिले नाहीत. बंद करण्याचा निर्णय तांत्रिक असला, तरी त्याची तारीख हा सामाजिक प्रश्न असतो, हे आयर्लंडने दाखवून दिले.

भारताने निवडलेली वेगळी वाट

मराठी श्रोत्याला रेडिओची स्थित्यंतरे नवी नाहीत. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीने लंडनहून मराठीतही प्रसारण केले. कोल्हापूर भागातून आलेल्या वेणू चितळे यांनी त्या काळात बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये जॉर्ज ऑरवेल यांच्यासोबत काम केले. ते मराठी प्रसारण पुढे थांबले आणि २०१७ मध्ये बीबीसी मराठी परतली, ती लहरींवर नव्हे तर इंटरनेटवर. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारणही जानेवारी २०२० च्या अखेरीस संपले.

आकाशवाणीने मात्र लांब पल्ल्याच्या लहरी पूर्णपणे टाकून न देता त्यांवरच डिजिटल संदेश पाठवण्याचा प्रयोग केला. ‘डीआरएम’ या तंत्रामुळे मध्यमलहरींच्या प्रक्षेपकावरून स्वच्छ डिजिटल आवाज पाठवता येतो आणि एक केंद्र मोठा प्रदेश व्यापते. देशभरात अशी पस्तीसच्या आसपास मध्यमलहरी केंद्रे सज्ज झाली. काही कंपन्यांच्या मोटारींत त्यासाठीचे संचही आले. अडचण राहिली ती सामान्य श्रोत्याला परवडणाऱ्या संचांची. ते बाजारात सहज मिळत नाहीत. ज्या शेतकऱ्यासाठी किंवा मच्छीमारासाठी ही यंत्रणा सर्वाधिक उपयोगी, त्याच्याकडे ती ऐकण्याचे साधनच नाही. बीबीसीनेही २००७ मध्ये डेव्हनमध्ये मध्यमलहरींवर याच तंत्राची चाचणी घेतली होती, पण ती वाट पुढे चालवली नाही. तंत्रज्ञान उपलब्ध असणे आणि ते माणसाच्या हातात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा दोन्ही देशांत सारखाच.

वीज गेल्यावर काय?

२८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल येथील वीज एकाएकी गेली. काही वेळाने मोबाइलची जाळीही कोलमडू लागली. त्या दिवशी लोक बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरभोवती जमले, दुकानांत ट्रान्झिस्टरसाठी रांगा लागल्या. ते दीर्घलहरींचे रेडिओ नव्हते, हे स्पष्ट करायला हवे. पण काय घडले आणि काय करायचे, हे लाखो लोकांना एकाच वेळी सांगू शकेल असे साधन साधे, स्वस्त आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारे असावे लागते, हे त्या दिवसाने पुन्हा सिद्ध केले. ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारेवरचे जुने दूरध्वनीही जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहेत. त्यानंतर वीज गेल्यावर घरातला फोन राउटरसह मुका होईल. दीर्घलहर, जुना फोन, टेलिस्विच या तिन्ही यंत्रणा एकेकट्या पाहिल्या, तर त्या बंद करणे तर्कसंगत वाटते. तिन्ही एकाच दशकात गेल्या, की सारा भार वीज आणि इंटरनेट या दोन खांबांवर येतो.

म्हणून प्रश्न जुन्या प्रक्षेपकाला जिवंत ठेवण्याचा नाही. व्हॉल्व्ह संपतील तेव्हा तो थांबेलच. प्रश्न एवढाच, की संकटकाळात सर्वांपर्यंत पोहोचण्याची जबाबदारी त्यानंतर कोणाची आणि तिचा खर्च कोण उचलणार. फ्रान्सने वेळेच्या संकेतापुरते उत्तर दिले, आयर्लंडने नऊ वर्षांची उसंत दिली, भारताने प्रक्षेपक उभारले पण संच दिले नाहीत. ब्रिटनचे उत्तर अजून पुरते समोर आलेले नाही. तोवर कुटुंबापुरती तजवीज सोपी आहे. घरात एफएम पकडणारा, बॅटरीवर चालणारा एक छोटा रेडिओ असावा, सोबत सेलची एक जोडी असावी आणि घरातल्या आजी-आजोबांना त्याचे बटण कुठे आहे, हे ठाऊक असावे.